न घेतलेली खर्ची

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी धड चढलेलं नाही, आणि मी कॉलेजपर्यंत आलो म्हणून मला लिहिता येतं असं काही नाही. शिवाय घरातल्या ज्या माणसांबद्दल लिहिणार आहे, त्यांच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही. मी चुकीचं लिहिलं तरी ते मला अडवू शकणार नाहीत, याचीच जास्त भीती वाटते. एकदा लिहून मी त्यांचं नुकसान केलेलं आहे. तेच इथं सांगायचं आहे.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणतो, आणि वहिनी दरवर्षी जायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी तिथली मोजदाद. निघण्याआधी मजुरांची टोळी नेणारा मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल देतो, म्हणजे पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम. ऊस तोडून तोडून ती फेडायची. पण हंगामात दर पंधरा दिवसांनी खाण्यापिण्यासाठी खर्ची मिळते, आणि तीही उचलीतच मिळवली जाते. त्यामुळे पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशेबात काहीतरी अंगावर राहतंच. अंगावर राहिलं की पुढच्या दिवाळीला त्याच मुकादमाबरोबर जाणं आलं. दादाचं असं तीन वर्षं चाललं होतं. पहिली उचल बहिणीच्या लग्नासाठी घेतली होती. नंतर तिच्यात माझ्या कॉलेजच्या प्रवेशाची आणि नगरच्या खोलीच्या अनामतीची भर पडली.

दादाची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या पाठचा भाऊ एक वर्षाचा. आई-बाप फडात ऊस तोडायला गेले की कोपीपाशी, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीपाशी, त्याला कडेवर घेऊन बसायचं, हे तिचं काम. दोघं जाणार म्हटल्यावर बाळ जाणार, आणि बाळ जाणार म्हटल्यावर ती जाणार. शाळेत नाव घालायचं तर मधल्या सहा महिन्यांचं काय, याला उत्तर नव्हतं.

मी एफ.वाय.ला होतो त्या वर्षीची गोष्ट. निघायच्या आदल्या दिवशी वहिनी पोत्यात बाजरी भरता भरता म्हणाली, "औंदा उचल फेडायचीच. जूनमधी पोरगी शाळेत बसली पायजे. न्हाईतर ही बी माझ्यासारकी अंगठा उठवीत बसंल."

"फेडू की," दादा म्हणाला. "मुकादमाला म्हनू, जरा डोळं झाकून मोज."

वहिनी हसली नाही. तिनं आणखी दोन पायल्या बाजरी पोत्यात ओतली.

डिसेंबरात मी सुट्टीला घरी गेलो तेव्हा दादाच्या टोळीतली एक बाई गावात आली होती. आमच्याच गल्लीतली. तिची सासू वारली म्हणून चार दिवस आलेली. संध्याकाळी ती आईजवळ येऊन बसली. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो, पण कान तिकडेच होते.

"तुमची सून खर्ची घेत न्हाई, ठावं हाय का?" ती म्हणाली. "मुकादम पाचशे देतुया, तर ही म्हनती दोनशेच द्या."

"मग खात्यात काय?"

"भाकर न् मिरची. चहा बी गुळाचा, कोरा. काडीपेटी म्हनून इकत घेत न्हाई बया. रोज माझ्या चुलीतला इस्तू न्हेती. म्या म्हनलं, बाई, माझा इस्तू बी उचलीत धर गं. तर नुस्ती हासली."

आईसुद्धा हसली. मग त्या बाईनं आवाज खाली आणला.

"कारखाना दोन दिस बंद हुता तवा समद्या शिर्डीला गेल्तो आमी. जीपचं भाडं काय लई न्हाई. ही म्हनली, माझं पाय दुखत्यात. आन् दुसऱ्या दिशी वाढ्याच्या मोळ्या डोक्यावर वाहून गवळ्याला इकल्या की! तवा बरं न्हाई दुखलं पाय."

वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. जनावरांना चारा म्हणून ते विकले जातात, आणि तोडणाऱ्याच्या हातात रोख पडणारा पैसा तेवढाच. बाकीच्या बायका त्या पैशातून बाजारच्या दिवशी भेळ घेतात, पोरांना बांगड्या-टिकल्या घेतात. वहिनी काहीच घेत नव्हती.

"मग पैका जातुया कुठं?" आईनं विचारलं.

बाईनं पदर सारखा केला. "मला काय ठावं, बाई."

आमच्याकडे हे वाक्य अशा सुरात म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं ठाऊक झाल्यासारखं वाटतं. आईला वाटलं. वहिनीचं माहेर मिरजगावजवळ. तिच्या भावानं त्याच महिन्यात घरावर नवे पत्रे टाकले होते. आईनं ते पत्रे आणि वाढ्याचे पैसे मनात एका जागी आणून ठेवले. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर वडील मला म्हणाले, "तू शिकलेला हायेस. एकदा जाऊन बघ."

खरं सांगायचं तर माझा संशय त्यांच्याही आधीचा होता. दादा मला खोलीभाड्याला दर महिन्याला शंभर रुपये पाठवायचा. त्या हंगामात दोन महिने एक रुपया आला नव्हता. वहिनी काटकसर करते आणि मला पैसे येत नाहीत, यातून मला जो अर्थ हवा होता तो मी काढला.

जानेवारीत एका शनिवारी राहुरीची एस.टी. धरली आणि पुढे चालत गेलो. कालव्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या एका रांगेत होत्या. दादा-वहिनी फडात होते. पुतणी बाळाला कडेवर घेऊन उभी होती. तिनं मला लगेच ओळखलं नाही.

मी कोपीत शिरलो. पुढचं लिहायला लाज वाटते. मी तिथली एकेक वस्तू बघत गेलो. घरून आणलेलं बाजरीचं पोतं अर्ध्यावर आलं होतं. त्यात कोपरापर्यंत हात घातला. मिठाचा डबा उघडला. फाटक्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून ठेवल्या होत्या, मोळ्या बांधायला. सुतळी विकत घ्यायला नको म्हणून. चिंध्यांची गुंडाळीसुद्धा मी सोडवून पाहिली.

"काका, काय हुडकताय?" पुतणी दारातून म्हणाली.

"पाणी."

"पानी भाईर हाय."

अंधार पडायच्या आत सगळे आले. वहिनीनं दिवा न लावताच, उजेड आहे तोवर जेवणं उरकली. मला वाकळीवर बसवलं, बाळाला माझ्या शेजारी झोपवलं. जेवण झाल्यावर तिनं दादाच्या हातावर चिमूटभर तंबाखू ठेवली आणि पुडी पुन्हा कमरेला खोचली.

"बघितलं का?" दादा मला म्हणाला. "मुकादमाची खर्ची पंधरा दिसाला. माझी रोजची रोज."

"दोन पुड्यांची एक केलीया, तर केवढा बोभाटा," वहिनी म्हणाली. "जीव जात न्हाई."

"जीव न्हाई जात. जीभ जाती."

दोघं हसले. मी त्यांच्या हसण्यातही काहीतरी शोधत होतो. दादाला ठाऊक आहे आणि तोही सामील आहे, की त्याला हसवून गप्प केलंय? माझ्याकडे बघून वहिनी दोनदा थांबली, असंही मला वाटलं. आता वाटतं, ती मला आणखी भाकरी हवी का ते बघत असेल.

सकाळी ती वाढे बांधत होती तेव्हा मी तिच्यापाशी गेलो.

"वहिनी, या वाढ्यांच्या पैशांचं काय करता?"

तिचे हात थांबले नाहीत. "आत्याबाईंनी पाठिवलं व्हय तुमाला?"

"मीच विचारतोय."

"मग पट्टा पडल्यावर इचारा, भावजी. आत्ता न्हाई सांगायची."

"मला सांगायला काय हरकत आहे? मी काय परका आहे?"

तिनं रांगेच्या टोकाकडे पाहिलं. तिथं मुकादमाची मोटारसायकल उभी होती. "हितं कोपीला भित्ती न्हाईत," ती म्हणाली.

"दादाला तरी ठाऊक आहे का?"

"त्यांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. तुमी जावा, येष्टी चुकंल."

तिनं मोळी डोक्यावर घेतली आणि ती निघून गेली. मी नगरला परत येईपर्यंत एकच विचार करत होतो: जिला सांगण्यासारखं काही असतं, ती सांगते.

दोन दिवसांनी मी दादाला पत्र लिहिलं. पोस्टकार्ड कुणीही वाचतं, म्हणून मुद्दाम आंतरदेशीय पत्र घेतलं आणि कडा खळीनं नीट चिकटवल्या. लिहिलं, वहिनी खर्ची पूर्ण घेत नाहीत, वाढ्यांचे पैसे वेगळे ठेवतात, मी विचारलं तर सांगायचं टाळलं. तू एकदा स्पष्ट विचार. पैसे माहेरी जात असतील तर वेळीच लक्ष घातलेलं बरं. शेवटी लिहिलं, माझी फार ओढाताण होते आहे, जमल्यास शंभर रुपये पाठव. पत्ता मुकादमाच्या नावाचा टाकला, कारण कोप्यांना दुसरा पत्ता नसतो.

दादाला वाचता येत नाही, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. पण आमच्या घरी आलेलं प्रत्येक पत्र मी वाचत आलो होतो. हे पत्र वाचायला मी तिथं नसणार, ही एवढीशी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी दादा अचानक खोलीवर आला. अंगावर फडातलेच कपडे होते. खोलीतले बाकीचे दोघे बाहेर गेल्यावर त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुझं पत्र मिळालं," तो म्हणाला.

"कुणी वाचलं?"

"कोन वाचनार? मुकादमानं. समद्यांम्होरं. खर्ची वाटायचा दिस हुता."

"सगळं?"

"समदं. 'तुझा आज्ञाधारक भाऊ' म्हनूस्तवर."

मग त्यानं हळूहळू सांगितलं. वहिनी पहिल्यापासून खर्ची कमी घेत होती, त्याचं मुकादमाला नवल वाटत होतं. ज्याच्या अंगावर पैसे आहेत, तो कोयता कुठं जात नाही. जो कमी घेतो, त्याचाच मुकादमाला भरवसा नसतो. त्यानं दुसऱ्या मुकादमाची उचल खाल्ली असेल, नाहीतर तो रातोरात पळायच्या बेतात असेल, असाच त्याचा हिशेब. ही अडचण वहिनीला आधीच कळली होती. तिनं त्याला सांगून ठेवलं होतं, दीर नगरला नोकरीला लागलाय, तो आमाला पैसं पाठवतो, म्हणून खर्ची कमी लागती. मुकादमाला ते पटलं होतं.

"आन् तू लिवलंस, शंभर रुपयं पाठव," दादा म्हणाला.

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"मुकादम म्हनला, वा रं नोकरी! ह्योच मागतुया की! मग हिला म्हनला, वाढ्याचं पैसं कुठं हायेत ते भाईर काढ. माझ्यापाशी ठेव, पट्टा पडला की हिशोबात धरतो. न्हाईतर उद्यापास्नं तुमच्या बैलगाडीमागं मानूस लावतो."

"कुठं होते पैसे?"

"पोराच्या वाकळंत. शिवून ठेवल्याली."

मी त्याच वाकळीवर बसून जेवलो होतो. साडेसातशे रुपये होते. पट्टा पडायच्या दिवशी ते एकदम पुढे टाकायचे आणि उचल तिथल्या तिथे मिटवायची, असं तिनं ठरवलं होतं. आधी दिले तर मुकादम सावध होणार, हे तिला ठाऊक होतं. दादालाही तिनं तोवर सांगितलं नव्हतं. तिनं उसवून पैसे काढले, सगळ्यांसमोर मुकादमाला मोजायला लावले आणि त्याच्या हातात दिले. त्यानं वहीत काही लिहिलं नाही.

"लिहून घ्यायचं ना, दादा!"

"लिवलं असतं तर वाचलं कुनी असतं? त्यानंच."

मी विचारलं, "वहिनी काय म्हणाली?"

दादानं टोपी उलटीसुलटी केली. "म्हनली, भावजीचं अक्षर मुकादमाला एका दमात वाचता आलं. म्हंजी शिकल्यात चांगलं."

मी म्हणालो, मी उद्याच तुझ्याबरोबर येतो, मुकादमाकडून पावती लिहून घेतो.

"तू येऊ नगंस. तू आला की त्यो म्हनंल, ह्यांच्या मनात कायतरी हाय. परीक्षा दे. तिनं तेवढंच सांगाया लावलंय मला." दारात जाऊन तो परत वळला. "आता दोनशे बी घेत न्हाई ती. म्हनती, समद्यांस्नी कळलंच हाय, तर मग पुरतंच करू."

तो गेल्यावर मी पैशांकडे निराळं बघायला लागलो. खाणावळीचं एक वेळचं जेवण बंद केलं. कॉलेजला चालत जायला लागलो. जुन्या वह्यांची मागची पानं कोरी असायची, त्यांवर नोट्स काढल्या. चहा सोडला, तो पहिल्या आठवड्यात फार अवघड गेला. तंबाखू पुडीतून चिमटीत आली तेव्हा दादाला कसं वाटलं असेल, ते तेव्हा थोडंफार कळलं. महिन्याभरात साठ-सत्तर रुपये जमले. पण पाठवायचे कसे? मनीऑर्डरसुद्धा मुकादमाच्याच पत्त्यावर जाणार. ते पैसे पेटीत राहिले.

पावती नसल्यामुळे माझा संशय आता सगळा मुकादमावर गेला. तो सकाळी उठल्यापासून सोबत असायचा. अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं तरी मी मनातल्या मनात मुकादमाशी भांडत असायचो. मुकादम म्हणेल, कसले पैसे? टोळीतले म्हणतील, आमाला काय ठावं. ज्या बाईनं आईला सांगितलं, तीच मुकादमाची माणूस असेल का? वहिनीनं दादाला पाठवलं ते मला सांगायला, की मी तिकडे येऊ नये म्हणून? हे सुचल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली. मार्चमध्ये वडील नगरला आले तेव्हा म्हणाले, मिरजगावच्या पाव्हण्यांनी म्हैस विकून घरावर ते पत्रे घातलेत, बाजारात ज्यानं म्हैस घेतली तो मला भेटला. त्यांनी हे मला का सांगितलं, याचाही मी विचार करत होतो.

एप्रिल लागला. कारखान्याचा पट्टा पडल्याचं कळलं, पण गावाकडून काहीच निरोप नव्हता. माझे दोन पेपर राहिले होते. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी खोलीचं दार वाजलं. आमच्या गावचे एक म्हातारे गाडीवान, दादाच्याच टोळीतले, दारात उभे होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. कोयत्यानं अंगठा कापला होता, तो पिकला म्हणून इस्पितळात दाखवायला आले होते. हाताला पांढरं फडकं बांधलेलं होतं.

मी त्यांना पाणी दिलं आणि लगेच विचारलं, "नाना, हिशेब झाला?"

"झाला की. परवाच झाला."

"तुमच्या समोर झाला का?"

"न्हाई तर काय झाडाम्होरं?"

"साडेसातशे धरले का? लिहून दिलं का काही?"

नानांनी तांब्या खाली ठेवला. "कालेजात ह्योच धडा हाय का रं? बसू तर दे."

त्यांनी पाय पसरले, दुखरा हात मांडीवर ठेवला आणि सांगायला लागले.

"खर्ची घेतली न्हाई ती समदी धरली. ती त्याच्या वहीतच हाय, त्याला काय करता आलं न्हाई. कापाकापी केली ती वाढ्याच्या पैशात. म्हनला, चारशे धरतो. साडेतीनशे बैलगाडीच्या भाड्याचं ऱ्हायलं हुतं."

"गाडीचं भाडं? ते कधी ठरलं होतं?"

"कधीच न्हाई. तुझी वहिनी म्हनली, म्या तुमाला समद्यांम्होरं मोजून दिल्यात, तुमी बी समद्यांम्होरं मोजा. त्यानं मोजलं. दुसऱ्यांदा म्हनली, परत मोजा. परत मोजलं. तिसऱ्यांदा त्यो उठून गेला."

"तुम्ही कुणी बोलला नाहीत?"

नानांनी हाताचं फडकं सारखं केलं. "माझ्या अंगावर चार हजार हाय, पोरा," ते म्हणाले.

"मग दादाच्या अंगावर किती राहिले?"

"अकराशे."

तीन वर्षांत एवढी खाली रक्कम कधी आली नव्हती. तरी ती शून्य नव्हती. साडेतीनशे धरले असते तर साडेसातशे उरले असते, एवढं मी मनात करून टाकलं. उरलेले उन्हाळ्यात कुठंतरी काम करून फिटले असते.

"मुकादम म्हनला, अकराशे ऱ्हायल्यात, दिवाळीला तुमचा कोयता माझा," नाना म्हणाले. "तवा तुझी वहिनी म्हनली, आर्धा कोयता यील. पुरा न्हाई येत. त्यो म्हनला, एकटा गडी कितीसा तोडनार? तर म्हनली, एवढ्या कमी पैशाला एवढाच कोयता."

"आणि तो कबूल झाला?"

"तुझ्या दादानं हात जोडलं, तवा झाला."

"म्हणजे वहिनी गावीच राहणार?"

"ऱ्हानार. तान्ह्याला तीच बघनार. काल मास्तर घरी आल्तं, पोरीचं नाव लिवून घेऊन गेलं. जूनला बसंल ती शाळेत." नाना उठले, दुखरा हात छातीशी धरला आणि दाराकडे निघाले. "तुझा दादा दिवाळीला एकटाच जानार. गाडी बी तोच भरनार न् भाकरी बी तोच थापनार."